मथळा एकदाच, नोंदी हजार

संगणकाच्या मेमरीत प्रोग्रॅमच्या हाताशी असलेली माहिती फाइलीत ठेवावयाची किंवा दुसऱ्या यंत्राकडे धाडावयाची झाली, म्हणजे तिची एकामागोमाग एक अशा बाइटांची सरळ रांग करावी लागते, आणि पलीकडे पोहोचल्यावर त्या रांगेतून मूळची माहिती जशीच्या तशी पुन्हा उभी करावी लागते. या दुहेरी कामास सिरियलायझेशन म्हणतात. ते करून देणाऱ्या तयार लायब्रऱ्या विपुल आहेत, आणि सर्व्हर मंदावला की एक लायब्ररी काढून दुसरी बसवावी, अशी मसलत हटकून दिली जाते. परंतु ज्या प्रोग्रॅमांत एकाच घडणीच्या हजारो नोंदी सतत इकडून तिकडे जात असतात, तेथे लायब्ररी बदलण्याआधी नोंदींची घडण तपासावी, असे माझे निश्चित मत आहे. लायब्ररी जो वेग देऊ शकते तो नोंदी एकसारख्या असतील तरच देते, आणि त्या एकसारख्या ठेवणे सर्वस्वी प्रोग्रॅम लिहिणाराच्या हाती असते. हे प्रतिपादन मोघम राहू नये म्हणून जावास्क्रिप्टमधील एमएसजीपॅकआर ही एकच लायब्ररी पुढे ठेवून, तिच्यातील रेकॉर्डच्या सोयीचा पुरता लाभ कसा घ्यावा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

एका हवामान-केंद्राची नोंद घेऊ. तीत चार रकाने आहेत: क्रमांक ११७, वेळ १४३०, तापमान ३१ आणि आर्द्रता ६४. रकान्यांची नावे मराठीतच ठेवली आहेत असे धरू. यूटीएफ-८ या सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार, ३ बाइट लागतात. म्हणून ‘तापमान’ हे नाव १८ बाइटांचे होते आणि चारही नावे मिळून ७२ बाइट होतात. ही नोंद जेसनमध्ये, मधे मोकळी जागा न सोडता आणि आकडे इंग्रजी अंकांत लिहून उतरवली, तर ती बरोबर १०० बाइटांची होते. त्यांपैकी ७२ बाइट नावांचे, १७ बाइट कंस, अवतरणचिन्हे, अपूर्णविराम आणि स्वल्पविराम यांचे, आणि प्रत्यक्ष माहितीचे उरतात ते अवघे ११. अशा १००० नोंदींची यादी धाडली तर १,०१,००१ बाइट जातात आणि ‘तापमान’ हे नाव हजार वेळा लिहिले जाऊन पलीकडे हजार वेळा वाचले जाते.

सदायुकी फुरुहाशी यांनी रचलेली मेसेजपॅक ही बायनरी पद्धत यातील विरामचिन्हांचा खर्च वाचवते. तीत नोंदीच्या आरंभी ‘पुढे चार जोड्या आहेत’ असे सांगणारा १ बाइट येतो, प्रत्येक नावाआधी त्याची लांबी सांगणारा १ बाइट येतो, आणि लहान पूर्णांक स्वतःच एका बाइटात बसतात. त्यामुळे आपली नोंद ८३ बाइटांची होते. लाभ झाला खरा, पण बेताचाच. कारण नावांचे ७२ बाइट होते तेथेच राहिले. नुसती पद्धत बायनरी केली म्हणजे सर्व काही झाले, असे समजणाऱ्यांनी हा आकडा अवश्य ध्यानात घ्यावा. शिवाय जेसन वाचणारा भाग व्ही-८ या जावास्क्रिप्ट इंजिनात सी++ भाषेत फार काळजीपूर्वक लिहिलेला असल्याने, साधे मेसेजपॅक जावास्क्रिप्टमधून वाचणे अनेकदा जेसनहून मंद ठरते, आणि हौसेने केलेला बदल अंगलट येतो.

आता रेकॉर्डची सोय पाहू. जुन्या दप्तरातील नोंदवहीत रकान्यांचे मथळे पानाच्या माथ्यावर एकदाच छापलेले असत आणि खाली कारकून केवळ किंमती भरीत जाई. तेच तत्त्व येथे योजलेले आहे. एखाद्या घडणीची नोंद प्रथम आली की एमएसजीपॅकआर तिच्या रकान्यांच्या नावांची व्याख्या लिहून ठेवते आणि त्या व्याख्येस ६४ ते १२७ यांपैकी एक क्रमांक देते. ही व्याख्या लिहिताना मेसेजपॅकच्या विस्ताराच्या सोयीचा आधार घेतलेला आहे: विस्ताराची खूण, रेकॉर्डची खूण आणि क्रमांक असे ३ बाइट, त्यामागून नावांची यादी आणि लगेच त्या पहिल्या नोंदीच्या किंमती. आपली पहिली नोंद अशा रीतीने ८८ बाइटांची होते. त्यानंतरच्या प्रत्येक नोंदीस मात्र नावांची गरजच उरत नाही. क्रमांकाचा १ बाइट आणि किंमतींचे ८ बाइट, असे एकूण ९ बाइट पुरतात. हजार नोंदींची तीच यादी, सर्वत्र याच किंमती धरल्यास, ९,०८२ बाइटांत मावते. साध्या मेसेजपॅकमध्ये ती ८३,००३ बाइटांची झाली असती.

किंमतींना मघाशी ६ बाइट पुरत होते, ते आता ८ का झाले, असा प्रश्न चाणाक्ष वाचकास पडेल. मूळ मेसेजपॅकमध्ये ० ते १२७ हे सर्व पूर्णांक एकेका बाइटात बसत. परंतु ६४ ते १२७ ही जागा आता रेकॉर्डच्या क्रमांकांनी व्यापली असल्यामुळे ११७ आणि ६४ या किंमतींना प्रत्येकी २ बाइट द्यावे लागतात. एखाद्या यादीत नोंदी थोड्या आणि या टप्प्यातले आकडेच अफाट असतील, तर हा व्यवहार तोट्याचाही होऊ शकतो. नावे इंग्रजीत, समजा २, ४, ११ आणि ८ अक्षरांची ठेवली असती, तर साध्या मेसेजपॅकची नोंद ३६ बाइटांची झाली असती. रेकॉर्डची मात्र ९ बाइटांचीच राहते. रकान्यांना मराठी नावे देण्याची इच्छा असूनही आकाराच्या धास्तीने ज्यांनी ती दिली नाहीत, त्यांची हरकत येथे संपूर्ण दूर होते.

आकाराच्या बाबतीत आणखी एक खुलासा करावयास हवा. जेसनचा मजकूर जीझिपने दाबून धाडला तर पुनरुक्त नावे तेथेही बव्हंशी गळून जातात, आणि तारेवरील बाइटांचे अंतर पुष्कळ कमी होते. पण दाबण्याचे आणि उकलण्याचे श्रम प्रोसेसरलाच पडतात, आणि उकलल्यानंतर तीच हजार नावे त्याला पुन्हा वाचावीच लागतात. म्हणून रेकॉर्डचा खरा मोठा लाभ वाचनाच्या वेगात आहे, आणि तो नीट समजण्यासाठी इंजिनाच्या अंतरंगात थोडे डोकवावे लागेल.

जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्टला केव्हाही नवा रकाना जोडण्याची मुभा आहे. तथापि एवढी मुभा देऊनही वेग राखता यावा म्हणून व्ही-८ प्रत्येक ऑब्जेक्टच्या घडणीचा एक गुप्त साचा बाळगते. ही कल्पना सेल्फ या भाषेवरील संशोधनातून आली आणि क्रेग चेंबर्स, डेव्हिड उंगर व एल्गिन ली यांनी १९८९ साली ती सविस्तर मांडली. एकाच साच्याचे ऑब्जेक्ट एखाद्या ओळीपाशी पुनःपुन्हा येत राहिले, तर ‘तापमान’ मेमरीत नेमके कोठे आहे हे इंजिन लक्षात ठेवते आणि शोध न घेता थेट तेथे जाते. त्या ओळीपाशी चारापर्यंत निरनिराळे साचे आले तरी ते सांभाळून घेते. त्याहून अधिक आले की लक्षात ठेवण्याचा नाद सोडून सर्वसाधारण, म्हणजे मंद, मार्ग पत्करते. साधे मेसेजपॅक वाचताना रिकामा ऑब्जेक्ट घेऊन एकेक नाव वाचावे, ते ओळखावे आणि त्या ऑब्जेक्टास जोडावे, असा क्रम चालतो व प्रत्येक जोडणीबरोबर साचा बदलत जातो. एमएसजीपॅकआर याउलट असे करते की, एखाद्या घडणीच्या नोंदी काही वेळा वाचून झाल्या म्हणजे त्या घडणीपुरते एक स्वतंत्र फंक्शन ऐन वेळी रचते. त्या फंक्शनात चारही नावे आधीच छापलेली असतात आणि किंमती तेवढ्या ओळीने वाचून भरावयाच्या असतात. ऑब्जेक्ट एका झटक्यात पूर्ण साच्यानिशी जन्मास येतो, आणि पुढे त्याच्यावर काम करणाऱ्या तुमच्या प्रोग्रॅमलाही त्या स्थिर साच्याचा लाभ होतो. ज्या ठिकाणी सुरक्षेच्या धोरणामुळे ऐन वेळी कोड रचण्यास मनाई असते, तेथे ही लायब्ररी गुपचूप सर्वसाधारण मार्गाने जाते. काम बिघडत नाही, पण वेगाची अपेक्षा त्या मानाने कमी ठेवावी.

इतके ध्यानात आल्यावर नोंदींच्या शिस्तीचे नियम आपोआप उलगडू लागतात. लायब्ररी घडण ओळखते ती नावांच्या क्रमावरून: पहिले नाव, त्यानंतर दुसरे, त्यानंतर तिसरे, अशा वाटेने ती पुढे सरकते. म्हणून एका फाइलीत ‘क्रमांक, वेळ, तापमान’ आणि दुसऱ्या फाइलीत ‘वेळ, क्रमांक, तापमान’ अशा क्रमाने ऑब्जेक्ट तयार केला, तर माणसाच्या दृष्टीने नोंद एकच असली तरी लायब्ररीच्या लेखी त्या दोन स्वतंत्र घडणी होतात, आणि व्ही-८ च्या लेखीही. यावर इलाज सोपा आहे: एका प्रकारची नोंद तयार करणारे एकच फंक्शन किंवा एकच क्लास असावा, त्यात सर्व रकाने एकाच क्रमाने भरले जावेत, आणि प्रोग्रॅमच्या इतर कोणत्याही भागाने ती नोंद स्वतः रचू नये.

ऐच्छिक रकान्यांचा प्रश्न याहून कठीण आहे, आणि बहुतेक ठिकाणी वेग बुडतो तो येथेच. एखादा रकाना कधी असावा आणि कधी नसावा, अशी मोकळीक दिली की घडणींची संख्या दुप्पट होते. असे ५ रकाने झाले की ३२ घडणी संभवतात, आणि ६ झाले की ६४. लायब्ररीने अनेक संदेशांत सामाईक वापरण्यासाठी मुळात राखून ठेवलेल्या घडणींची मर्यादा नेमकी ३२ आहे. म्हणजे केवळ ५ ऐच्छिक रकान्यांची एकच नोंद सगळी जागा व्यापून बसू शकते, आणि मग उरलेल्या सर्व प्रकारच्या नोंदींवर आपली व्याख्या संदेशागणिक नव्याने लिहिण्याची पाळी येते. ही मर्यादा वाढवता येते हे खरे, परंतु मग क्रमांकास काही ठिकाणी २ बाइट लागतात, आणि मूळचे दुखणे तसेच राहते. त्यापेक्षा रकाना नेहमी ठेवावा आणि किंमत नसेल तेव्हा त्यात नल भरावा. त्याला केवळ १ बाइट लागतो. येथे अनडिफाइन्ड मात्र भरू नये, कारण तो ३ बाइट घेतो. नको असलेला रकाना डिलीटने काढून टाकण्याची सवयही मोडावी. शेवटी जोडलेला रकाना सोडून दुसरा कोणताही असा काढला, म्हणजे व्ही-८ त्या ऑब्जेक्टचा साचाच मोडून त्याला मंद अशा कोशाच्या रूपात ठेवते.

याच्या अगदी उलट प्रकारची माहितीही असते. प्रत्येक गावाच्या नावापुढे तेथील पाऊस, किंवा प्रत्येक ग्राहक-क्रमांकापुढे त्याची बाकी, अशा माहितीत नावे हीच मुळी माहिती असते आणि ती दर वेळी निराळी येतात. असा ऑब्जेक्ट रेकॉर्ड म्हणून लिहिला गेला तर प्रत्येक वेळी नवी घडण दाखल होते, तिची व्याख्या लिहिण्याचे श्रम वाया जातात, आणि खऱ्या नोंदींची जागा अडते. अशी माहिती जावास्क्रिप्टच्या मॅपमध्ये ठेवावी. रेकॉर्डची सोय चालू असताना एमएसजीपॅकआर मॅप साध्या मेसेजपॅक पद्धतीने लिहिते आणि वाचताना तो मॅप म्हणूनच परत देते. सगळीकडे मॅप करणे शक्य नसेल, तर कोणता ऑब्जेक्ट रेकॉर्ड म्हणून लिहावयाचा हे ठरविणारे फंक्शन युजरेकॉर्ड्‌स या पर्यायात देण्याची तजवीज लायब्ररीने ठेवलेली आहे. तिचा उपयोग करावा.

आतापर्यंतचा हिशेब एका संदेशातील लांब यादीचा झाला. परंतु पुष्कळ सर्व्हर एका संदेशात एकच नोंद धाडतात, आणि प्रत्येक संदेश स्वयंपूर्ण असावा लागत असल्यामुळे त्यातील व्याख्याही दर वेळी लिहावी लागते. आपली एकुलती नोंद साध्या मेसेजपॅकमध्ये ८३ बाइटांची असताना रेकॉर्ड म्हणून ८८ बाइटांची होते, म्हणजे सोय वापरून तोटाच पदरी पडतो. आणि एवढ्यावरून रेकॉर्ड निरुपयोगी आहेत असा ग्रह करून घेणारेही कमी नाहीत. अशा ठिकाणी घडणी सामाईक कराव्यात. स्ट्रक्चर्स या पर्यायात एक यादी दिली की लायब्ररी नवनव्या घडणी तीत जमा करीत जाते आणि संदेशात व्याख्या न लिहिता केवळ क्रमांक लिहिते. मग एकुलती नोंदही ९ बाइटांचीच होते. ही यादी प्रोग्रॅम बंद पडल्यावरही टिकावी म्हणून सेव्हस्ट्रक्चर्स आणि गेटस्ट्रक्चर्स ही दोन फंक्शने आपण पुरवावयाची असतात. पहिल्याने यादी जतन करावयाची आणि दुसऱ्याने ती परत आणावयाची. दोन प्रोसेस एकाच वेळी नवी घडण जतन करू पाहतील, तर मागाहून आलेल्यास नकार मिळाला पाहिजे, म्हणजे लायब्ररी ताजी यादी आणून नोंद पुन्हा लिहिते. हा नकार देण्याची जबाबदारी जतन करणाऱ्या फंक्शनची आहे, आणि ती टाळल्यास एकाच क्रमांकाखाली दोन घडणी जाऊन पुढे वाचन विपरीत होते.

याच संदर्भात आणखी एक सूचना. पॅकर, म्हणजे नोंदी लिहिणारा-वाचणारा लायब्ररीचा ऑब्जेक्ट, प्रोग्रॅमच्या आरंभी एकदाच तयार करावा आणि तोच सर्वत्र वापरावा. शिकलेल्या घडणी आणि रचलेली वाचन-फंक्शने त्याच ऑब्जेक्टशी निगडित असल्याने, दर विनंतीला नवा पॅकर करणारा प्रोग्रॅम दर वेळी पहिल्या धड्यापासून आरंभ करतो. लायब्ररीतून थेट मिळणारे पॅक हे तयार फंक्शन रेकॉर्डची सोय वापरीतच नाही, हेही पुष्कळांच्या नजरेतून सुटते.

नावांचा भार उतरला की किंमतींचा भार डोळ्यांत भरू लागतो. तापमान ३१.५ असे अपूर्णांकात ठेवले तर त्यास ९ बाइट लागतात; तेच दशांशांत, म्हणजे ३१५ असा पूर्णांक करून ठेवले, तर ३ बाइट पुरतात. वेळ १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत ठेवली तर ती संख्या ३२ बिटांत मावत नाही आणि ९ बाइट घेते. सेकंदांत ठेवली तर ५ बाइट. जेथे मिलिसेकंदाची गरज नाही तेथे ती बाळगू नये.

वेगाची मोजणी करताना खरीखुरी माहितीच वापरावी. एकाच नोंदीच्या लाख प्रती करून घेतलेली चाचणी रेकॉर्डच्या बाजूने नेहमीच कौल देते, कारण तीत घडण एकच असते. आपल्या सर्व्हरवरील प्रत्यक्ष संदेश काही काळ साठवून त्यांच्यावर चाचणी घ्यावी, इंजिनाने कोडचे जलद रूप तयार करेपर्यंतची पहिली फेरी हिशेबातून वगळावी, आणि लिहिण्याचा वेळ, वाचण्याचा वेळ व आकार हे तिन्ही स्वतंत्र मोजावेत. त्याआधी नोडचा सीपीयू-प्रोफाइलचा पर्याय लावून एकंदर वेळापैकी सिरियलायझेशनला किती लागतो ते पाहावे. तो वाटा अल्प असेल तर वर सांगितलेले सर्व परिश्रम डेटाबेसच्या क्वेरीवर खर्ची घालणे अधिक शहाणपणाचे.

रेकॉर्डची ही रीत एमएसजीपॅकआरची स्वतःची आहे. पायथन, गो किंवा जावा यांतील सामान्य मेसेजपॅक लायब्रऱ्यांना ती कळत नाही. म्हणून आपल्या घराबाहेर जाणाऱ्या संदेशांसाठी युजरेकॉर्ड्‌स बंद ठेवलेला दुसरा पॅकर निराळा असावा. भाषांच्या सीमा ओलांडूनही नावांचा भार टाळावयाचा असेल, तर रकान्यांना क्रमांक देणारे प्रोटोकॉल बफर्स किंवा फाइलीच्या आरंभी एकदाच स्कीमा लिहिणारे ॲव्ह्रो, हे मार्ग अधिक योग्य. मात्र त्यांत घडण आधी ठरवून लिहून द्यावी लागते, आणि एमएसजीपॅकआर ती चालता चालता शिकते. लहान चमूला हीच गोष्ट सोयीची वाटते.

सामाईक घडणींची यादी ही जतन केलेल्या नोंदींची किल्ली असते. ती हरवली तर ९ बाइटांच्या त्या नोंदींतून क्रमांक आणि किंमती तेवढ्या हाती लागतात. कोणती किंमत कोणत्या रकान्याची, हे सांगणारे काहीच उरत नाही. म्हणून त्या यादीतील जुन्या व्याख्या कधीही पुसू नयेत, त्यांचा क्रम हाताने बदलू नये, आणि ज्या वाचकांनी ही सोय आपल्या सर्व्हरवर आधीच चालू केली आहे, त्यांनी ती यादी डेटाबेसच्या बॅकअपबरोबर जाते की नाही, हे आजच पाहून घ्यावे.